कोटाच्या खिशातलं पुस्तक

पहारीनं खोक्याची वरची फळी उचकटली, खिळे करकरत निघाले, आणि फळीच्या आतल्या अंगाला चिकटवलेला पिवळट कागद वाचायला आडेसर खाली वाकले. पुसदच्या त्या नव्या कॉलेजात रसायनाची प्रयोगशाळा म्हणजे तेव्हा पत्र्याच्या छपराचा एक लांबोडका हॉल होता. टेबलं आली होती, नळाला अजून पाणी यायचं होतं, आणि काचसामानाची पहिलीच खेप जर्मनीहून मुंबईमार्गे बासष्टच्या जानेवारीत येऊन पोचली होती. उत्तमसिंग आडे सत्तावीस वर्षांचे. तांड्यातून शिकून वर आलेले, नागपूरला एम.एस्सी. करताना रसायनाचे जर्मन ग्रंथ वाचता यावेत म्हणून दोन वर्षं ती भाषा शिकलेले. आपल्याला ती येते याची त्यांना स्वतःलाच अजून गंमत वाटे. त्यांनी कागदावरची ओळ मोठ्यानं वाचली, ‘बिटे निष्ट श्ट्युर्त्सेन.’ प्रयोगशाळेचा शिपाई डोमाजी पहार धरून बाजूला उभा होता. त्यानं ती हळूच भिंतीला टेकवली.

‘सर, हे काय म्हनलं तुमी? पयला शब्द?’

‘बिटे. म्हणजे कृपा करून. कृपा करून खोकं उलटं करू नये.’

‘कृपा करून?’

‘हो. कुणाला काही विनवायचं झालं की आधी बिटे म्हणतात.’

डोमाजीनं मान हलवली आणि भुश्शातून एकेक नळी काढून टेबलावर मांडायला लागला. चोवीस नळ्या त्यानं न फोडता मांडल्या. पंचविसावी हातात तशीच राहिली. साडेसतरा वर्षं तो शब्द तो ‘बेटे’ म्हणून ऐकत आला होता. बेटे, बेटे. आपल्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा दिसणारा, कानशिलावर पिकलेला एक गोरा माणूस आपल्याला बेटा का म्हणाला असेल, याची किती उत्तरं त्यानं रचली होती. पलटणीतल्या एका बिहाऱ्यानं सांगितलं होतं, की आपल्यातले कैदी होऊन तिकडं गेले, त्यांच्याकडून जर्मन लोक हिंदुस्थानी शिकले. ते त्यानं मानलं होतं. मग कधी वाटे, मरताना माणसाला परक्याची बोली आपोआप येत असेल. आपल्या आजीच्या अंगात आलं की ती नाही का तेलंगीत बोलायची. पण त्या माणसाला हिंदुस्थानी येत नव्हती आणि त्याच्या अंगातही काही आलं नव्हतं. तो आपल्या भाषेत, आपल्या शब्दात, साधी विनंती करत होता. डोमाजीनं पंचविसावी नळी ठेवली आणि पाणी आणायचं निमित्त करून तो बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला.

तो पलटणीत शिपाई होता आणि इथंही शिपाईच. मधल्या काळात पुसदलाच जिनिंग फॅक्टरीत सरकीची पोती भरली होती, एका वकिलाकडे फाइली वाहिल्या होत्या. पलटणीतसुद्धा त्याची नेमणूक बंदूक चालवायची नव्हतीच. त्याच्या जातीला तेव्हा त्या पलटणीत कोण घेणार? तो खेचरांच्या कंपनीत होता. इटलीच्या डोंगरात जिथं मोटार चढत नाही तिथं खेचरांवर लादून दारूगोळा, पीठ आणि पाण्याचे डबे वर पोचवायचे. बंदूक पाठीला असे, ती पडशीसारखी. चव्वेचाळीसच्या जुलैत, एका दुपारी, मागच्या खेचराचा पट्टा ढिला झाला म्हणून तो ओळीतून मागे राहिला. दगडी झोपडीच्या आडून एक माणूस निघाला. त्याचा डावा हात वर होता. उजवा हात कोटाच्या आत, छातीपाशी. ‘बेटे,’ तो म्हणाला, आणि एक पाऊल पुढं आला. ‘बेटे, बेटे.’ बंदूक पाठीवरून हातात कशी आली ते डोमाजीला कधीच आठवलं नाही. साऱ्या लढाईत त्यानं झाडलेली ती एकच गोळी. माणूस खाली बसला तेव्हा कोटातून हात बाहेर आला आणि त्या हातात पिस्तुल नव्हतं, बॉम्ब नव्हता. तळव्याएवढं, मळकट तपकिरी पुठ्ठ्याचं एक पुस्तक होतं. इथवर आलं की खांद्याला बंदुकीचा धक्का पुन्हा बसे आणि डोमाजीचं मन पुढं पाऊल टाकत नसे. बुजरं जनावर पुलापाशी थांबतं तसं ते थांबे.

त्या संध्याकाळी छावणीत जमादारानं पाठीवर थाप मारली होती. लोकांना त्या थापेपासूनची गोष्ट ठाऊक होती, आणि ती तो सांगत गेला तसतशी वाढत गेली. सेहेचाळीस साली तो ढाणकीजवळच्या आपल्या खेड्यात परतला तेव्हा जर्मन एकाचे तीन झाले होते. पुढं त्यातल्या एकाशी हातघाईही झाली. ‘जर्मनवाला डोमाजी’ हे नाव महारवाड्याबाहेरही गेलं. गावातला वाणी त्याला पानसुपारी लांबून टाकायचा ती आता हातात ठेवू लागला. गोऱ्याला मारणाऱ्याचा हात म्हणजे काही साधा हात नव्हता. छप्पन्न साली नागपूरला लाखोंच्या गर्दीत उभं राहून त्यानं दीक्षा घेतली. पंचशीलातलं पहिलं शील सारे एका आवाजात म्हणाले, जीवहत्या करणार नाही, तेव्हा डोमाजीचे ओठ हलले आणि आवाज निघाला नाही. त्या गर्जनेत कुणाला कळलंही नाही. पुढच्याच वर्षी वस्तीनं मेलेलं ढोर ओढणार नाही म्हणून सांगितलं. पाटलाच्या गोठ्यात बैल तीन दिवस कुजत पडला. चौथ्या दिवशी चाळीस माणसं काठ्या घेऊन वस्तीच्या तोंडाशी आली, आणि डोमाजी त्याच दिवशी पुसदहून गावी आला होता. त्यानं पेटीतून खाकी कोट काढला, घातला, बटणं लावली. वस्तीच्या तोंडाशी एकटा उभा राहिला. ‘जर्मनाची छाती फोडली म्या,’ तो म्हणाला. ‘तुमची कायची आहे ते पाहू द्या.’ माणसं परत गेली. बैल त्यांचा त्यांनी ओढला. तेव्हापासून धाकटा भाऊ पंजाबराव गावात ताठ चालतो. वस्तीतल्या बाया पाण्याला जाताना कुणी काही बोललं तर म्हणतात, जर्मनवाल्याले सांगू का?

ती चाळीस माणसं एका गोळीनं नाही, एका गोष्टीनं परतवली होती. गोष्ट खोटी होती. डोमाजीला हे त्या दिवशी कोटाची बटणं लावतानाही ठाऊक होतं.

एक महिना गेला. मग एका रविवारी त्यानं पेटीच्या तळातून ते पुस्तक काढलं, धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलं आणि आडेसरांच्या खोलीवर गेला. ‘लढाईत मारला होता एक,’ एवढंच सांगितलं. ‘त्याचं हाय. याच्यात काय लिवलंय ते पाहाचं होतं.’ सरांनी पुस्तक उजेडात धरलं. पहिल्या पानावर फोटो होता, पितळी रिंगांनी जडवलेला. डोमाजीनं तो फोटो इतक्या वेळा पाहिला होता, की आता तो ओळखीचा वाटे, एखाद्या लांबच्या मामासारखा. सरांच्या तोंडून त्याचं नाव प्रथमच निघालं. आन्टोन वीझिंगर. डोमाजीनं ते म्हणून पाहिलं. नावात काही अवघड नव्हतं, एवढ्या वर्षांत ते कुणी वाचून दाखवलं नव्हतं इतकंच.

त्यानंतर दर रविवारी ते दोघं त्या पुस्तकावर बसले. सरांची जर्मन रसायनाची होती. उकळणे, विरघळणे, तळाशी साका बसणे हे त्यांना झटकन कळे. पण पायमोजा, शिरस्त्राण, रजा हे शब्द कोशात शोधावे लागत. कोश नागपूरहून मागवलेला, जाडजूड. शाईनं लिहिलेले गिचमिड शब्द लागता लागत नसत. एका पानाला कधी दोन रविवार जात. जन्म तीन फेब्रुवारी एकोणीसशे नऊ. उंची एक मीटर अडुसष्ट. बुटाचं माप बेचाळीस. देवी टोचल्या, विषमज्वराची लस टोचली, तारखेसह. सदरे तीन, पायमोजे चार जोड, कंबरपट्टा एक. दवाखान्यात एकदा एकोणीस दिवस. आजाराच्या जागी नुसता आकडा, त्याचा अर्थ कुठंच सापडला नाही. शेवटची रजा त्रेचाळीसच्या डिसेंबरात, अठरा दिवसांची. बायकोच्या ओळीवर आडवी रेघ. आईचं नाव थेरेसे, गावाचं नाव, घराचा नंबर सतरा. दरवेळी खोलीतून निघताना डोमाजी काहीतरी घेऊन निघे. आज बुटाचं माप, आज आईचं नाव. रस्त्यानं चालताना त्याला वाटे, आपण त्या माणसाला उलट्या बाजूनं शिवत चाललो आहोत. एक टाका, एक टाका. हा अंगावर उभा राहिला म्हणजे काय करायचं?

धंद्याच्या ओळीपाशी सर बराच वेळ अडले. मग कोशात बोट ठेवून म्हणाले, ‘सापडलं. घोड्याचं खोगीर, लगाम, पट्टे करणारा. चामड्याचं काम.’

डोमाजीनं मान वर केली. ‘चामड्याचं?’

‘हो.’

‘सर, त्याच्या गावात त्याले पानी भरू देत होते का लोक?’

सरांच्या तांड्यालाही गावाच्या विहिरीवर फार काही वेगळं मिळालं नव्हतं. ‘तिकडं तसं नसतं, डोमाजी,’ ते म्हणाले. ‘पण खात्रीनं मला सांगता येणार नाही.’

खोगीरवाला असल्यामुळंच की काय, त्याला घोडागाड्यांच्या सामान वाहणाऱ्या तुकडीत घातलं होतं. म्हणजे तोही जनावरांच्या मागं चालणारा. डोमाजीला त्या दुपारचा ढिला पट्टा आठवला. तो पट्टा त्या माणसानं एका नजरेत ओळखला असता. नीट बांधूनही दिला असता. असले विचार येऊ लागले तेव्हा डोमाजीची झोप गेली आणि हातून काचसामान फुटायला लागलं. बायको कौसल्या चूल फुंकता फुंकता म्हणाली, ‘अवो, मेलेल्या मानसाचे कागद घरात कायले उकरून राह्यले? ज्याचं त्याले गेलं.’ डोमाजीला काय हवं होतं ते त्याला स्वच्छ ठाऊक होतं. रोखलेल्या बंदुकीसमोर माणूस छातीतून पुस्तक काढतो, तर त्यात दाखवण्यासारखं काहीतरी असलं पाहिजे. कुठंतरी एखाद्या पानावर ते असेल. ते कळलं तर त्या दुपारला एक अर्थ येईल, बरा किंवा वाईट.

मेमध्ये शस्त्रांचं पान आलं. बंदूक दिली, नंबर अमुक. मग ती ओळ खोडून ‘जमा’ असं लिहिलेलं. संगिनीची ओळ तशीच खोडलेली. पिस्तुलाच्या ओळीवर काहीच नव्हतं. ‘याच्याजवळ पिस्तुल कधी नव्हतंच,’ सर म्हणाले. त्या कोऱ्या ओळीकडे डोमाजी बघत राहिला. इतकी वर्षं मनाच्या एका कोपऱ्यात त्यानं एक सोय करून ठेवली होती: पुस्तक निघालं खरं, पण पिस्तुल दुसऱ्या खिशात असेल, आपण तपासलं नाही. आता कारकुनाच्या एका न भरलेल्या रकान्यानं ती सोय काढून घेतली.

शेवटी राहिला होता मुखपृष्ठाच्या आतला बारीक छापील मजकूर. सगळ्या पुस्तकांत सारखाच असणारा, म्हणून सरांनी तो मागे ठेवला होता. नियम होते. सरांनी एकेक मराठीत सांगितला. ‘ही पुस्तिका म्हणजे लढाईत शिपायाची ओळख आहे. शिपायानं ती कायम कोटाच्या खिशात बाळगावी. सामानात किंवा मुक्कामावर ठेवू नये. मागणी होईल तेव्हा दाखवावी.’

‘अजून?’

‘बस. एवढंच.’

‘म्हंजे त्याले काई दाखवाचं नोतं.’

‘कधी?’ सरांनी विचारलं.

तेव्हा डोमाजीनं सांगितलं. झोपडी, वर केलेला डावा हात, बेटे, गोळी. तीन जर्मन नव्हते, हातघाई नव्हती. शरण येणारा माणूस नियमाप्रमाणं आपला कागद द्यायला निघाला होता, कचेरीत शिरताना चिठ्ठी पुढं करावी तसा. बोलताना त्याचा आवाज स्थिर होता. सर ऐकून उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन बसले. ‘कुणाकुणाला माहीत आहे?’ ‘कोनालेच नाई. आता तुमाले.’ सर म्हणाले, की जर्मनीत जुन्या शिपायांचे कागद सांभाळणारं एक दफ्तर आहे, मुंबईच्या वकिलातीला विचारून पत्ता मिळवता येईल. या माणसाचं काय झालं असं त्यांच्याकडं लिहिलेलं आहे ते तरी कळेल.

पत्र जूनमध्ये गेलं. उत्तर नोव्हेंबरात आलं, आणि तेव्हा पुसदचा नूरच पालटला होता. चीननं हल्ला केला होता. चौकात रेडिओभोवती माणसं गोळा होत, बाया हातातल्या बांगड्या काढून देत होत्या, प्रभातफेऱ्या निघत होत्या. उत्तर टंकलिखित होतं, चार ओळींचं. आन्टोन वीझिंगर, जुलै चव्वेचाळीसपासून बेपत्ता. मृत्यूची नोंद नाही. आपणास काही माहिती असल्यास कळवावी. त्याची बहीण रोझा अद्याप चौकशी करते, तिचा पत्ता खाली दिला आहे. डोमाजीनं ‘बेपत्ता’ हा शब्द सरांकडून दोनदा म्हणवून घेतला. अठरा वर्षं त्या घरात एक माणूस मेलाही नव्हता, जिवंतही नव्हता, आणि तो कुठं आहे हे साऱ्या जगात फक्त पुसदच्या एका शिपायाला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात बाजारचौकात सभा ठरली. जिल्ह्यातल्या माजी सैनिकांचा सत्कार. कमिटीची माणसं घरी येऊन सांगून गेली, ‘डोमाजी, तुमी बोलाचं. जर्मनाची गोष्ट सांगाची. पोरायच्या अंगात रक्त सळसळलं पाह्यजे.’ पंजाबराव गावाहून दहा माणसं घेऊन आला, नवा फेटा बांधून. डोमाजीनं कोट घातला. हार गळ्यात पडला तेव्हा झेंडूचा ओला वास आला. माइकपुढं उभा राहिला तेव्हा समोर डोकीच डोकी होती आणि त्यात कुठंतरी भावाचा फेटा. नेहमीची गोष्ट जिभेवर तयार होती, मळलेल्या वाटेसारखी. तिच्यावर पाय ठेवला की ती आपोआप घेऊन गेली असती. त्यानं पाय ठेवला नाही. ‘तीन नोते,’ तो म्हणाला. ‘एकच होता. त्याच्या हातात पिस्तुल नोतं. त्यानं हात वर केलता. तो शरन येऊन राह्यला होता. म्या भेलो. भेलो म्हनून मारला.’ आणि तो थांबला.

क्षणभर सभेला कळेना. मग मागून कुणीतरी घोषणा दिली, पुढून टाळी पडली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना तो विनय वाटला, का त्यांनी ऐकलंच नाही, कोण जाणे. कमिटीच्या अध्यक्षांनी माइक घेऊन सांगितलं, की खरा वीर आपल्या पराक्रमाची फुशारकी मारत नसतो. डोमाजी हार घालून उभा होता आणि टाळ्या पावट्याच्या दाण्यांसारख्या अंगावर आदळत होत्या. एवढी वर्षं दातांत धरून ठेवलेली गोष्ट त्यानं बाहेर टाकली होती आणि लोकांनी ती झेलून परत त्याच्याच पदरात घातली होती.

ज्यांना ऐकायचं होतं त्यांनी मात्र ऐकलं होतं. पंजाबराव मंडपामागं उभा होता. फेटा त्यानं काढून काखेत धरला होता.

‘कायले सांगतलं?’

‘खरं होतं.’

‘खरं होतं तं आम्ही काय करू? पाटलाचा पुतन्या तिथंच बसला होता. हसून राह्यला होता तो. तुह्यं काय, तू इथं नोकरी करून राह्यला. तिथं आमी राह्यतो, दादा. आता कोनाच्या नावानं उभं राहाचं आमी?’

भाऊ गेला तो सहा महिने बोलला नाही.

बहिणीला पत्र लिहायला ते डिसेंबरात बसले. सरांनी पहिला मसुदा वाचून दाखवला: आपला भाऊ युद्धात धारातीर्थी पडला. डोमाजीनं तो फाडायला लावला. ‘शरण आलेल्याला मारणं गुन्हा आहे,’ सर म्हणाले. ‘पत्रावर तुमचं नाव जाईल, पत्ता जाईल. माझंही अक्षर जाईल.’ ‘तुमचं नाव लिवू नका. माह्यं लिवा.’ मग सगळं लिहिलं गेलं, जसं होतं तसं. झोपडी, वाटेचं वळण, पडलेली भिंत यांचा नकाशा डोमाजीनं स्वतः पेन्सिलीनं काढला. शेवटी सरांनी विचारलं, ‘त्याला फार त्रास झाला का, हे ती विचारील. आधीच लिहू या. काय लिहू?’ डोमाजी कागदाकडे बघत होता. ‘लिवा, तवाच गेला,’ तो म्हणाला. सरांनी लिहिलं.

रोझाचं उत्तर एप्रिलात आलं. सर आधी एकटे वाचून गेले आणि मग सावकाश सांगू लागले. आई अठ्ठावन्न साली वारली. तोवर तिला वाटत होतं की आन्टोन रशियात कुठंतरी कैदेत आहे; बरं झालं, तुमचं पत्र तिच्या हयातीत आलं नाही. तुमचा नकाशा घेऊन इथल्या लोकांनी तिकडं चौकशी केली. त्या वळणावर आता रुंद रस्ता झाला आहे, काही सापडलं नाही. तुमच्यावर राग धरावा एवढी ताकद माझ्यात उरलेली नाही, आणि क्षमा करण्याएवढीही नाही. तो तत्काळ गेला, त्याला वेदना झाल्या नाहीत, हे तुम्ही कळवलंत. तेवढं एक वाक्य मी रोज वाचते. त्याचं पुस्तक मला पाठवावं आणि त्यानंतर पत्र लिहू नये.

डोमाजीनं पुस्तक टॉवेलातून काढून कापडात शिवलं, लाख लावली आणि रजिस्टरनं पाठवलं. पेटीचा तळ मोकळा झाला. पुस्तक गेलं की हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. ते एक वाक्य ती बाई रोज वाचत होती, आणि आता रोज सकाळी, तिकडं किती वाजले असतील याचा हिशेब करत, तोही ते ऐकत होता.

मेच्या मध्यावर पंजाबरावाचं पोस्टकार्ड आलं. दोनच ओळी. वस्तीच्या विहिरीत मेलेलं कुत्रं टाकलं. यावं.

यष्टीनं ढाणकीपर्यंत आणि पुढं पायी तो दहा वाजेतो पोचला. वस्तीत कुणी त्याला जर्मनवाला म्हणालं नाही. बाया पदर नाकाला लावून रिकाम्या घागरींपाशी बसल्या होत्या. कुणी टाकलं ते साऱ्यांना माहीत होतं आणि कुणी नाव घेत नव्हतं. विहिरीला उन्हाळ्याचं कमरेएवढं पाणी. डोमाजीनं सदरा काढला, दोर कमरेला बांधला आणि उतरला. वर पंजाबराव रहाटाशी. कुत्रं दोन दिवसांचं होतं. ते पोत्यात घालून आधी वर पाठवलं, मग पाणी उपसायला लागला. बादली भरायची, दोर हलवायचा, ती वर जायची, लांब ओतली जायची, परत यायची. दुपारी बाकीचे जेवायला गेले. खाली चिखल गुडघ्यापर्यंत राहिला होता, वास आता कळेनासा झाला होता, आणि वर आभाळाच्या गोल तुकड्यात पंजाबरावाचं डोकं काळं दिसत होतं.

‘दादा,’ वरून आवाज आला. विहिरीत तो मोठा होऊन आला. ‘वहिनीनं मले त्या बाईच्या चिठ्ठीचं सांगतलं. तो तवाच मेला म्हून तुवं लिवलं म्हने.’

‘हो.’

‘खरंच तवाच मेला का?’

अठरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. डोमाजी चिखलात उभा राहिला. भरलेली बादली त्याच्या पायाशी होती.

‘नाई,’ तो म्हणाला. ‘बसला होता. भिंतीले टेकून. पोटाले लागलं होतं. त्यानं खेचरावरच्या डब्याकडं बोट केलं. म्या पान्याचा मग भरून नेला. त्यानं दोनी हातानं माह्यं मनगट धरलं अन् पेला. अजून मांगतलं. अजून देल्लं. पंजाब, घराबाह्यरच्या मानसानं माह्या हातचं पानी पेल्याची ती पयलीच येळ होती.’

डोमाजीनं बादलीच्या कडीवरचा चिखल पुसला.

‘मंग जमादार मांगं पाहाले आला. म्हने, शाबास. अन् म्हने, हे पानी वरच्या पोष्टावरल्या शिपायायचं हाय, कायले वाया घालून राह्यला, खेचरं हाक. म्या त्याच्या तोंडचा मग काढून घेतला. त्यानं मनगट सोडलं नाई, तं जमादारानं सोडवलं. म्या खेचरं हाकली.’

‘जितं सोडून?’

‘जितं सोडून. दिस बुडता परत आलो तवा मेला होता. मंग पुस्तक उचललं.’

पंजाबरावाचं डोकं आभाळाच्या कडेवरून दिसेनासं झालं. डोमाजी वाट बघत उभा राहिला. दोर ताणलेला होता, त्याला हात लावायची त्याची हिंमत होत नव्हती. मग रहाट करकरला. भरलेली बादली त्याच्या पायापासून उठली, हेलकावे खात वर गेली, कुठंतरी लांब ओतल्याचा आवाज झाला, आणि थोड्या वेळानं ती रिकामी होऊन परत खाली यायला लागली.